उलटा शेजारी

१

एकतिसावा खंड जागेवर नव्हता, आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे जागाही जागेवर नव्हती.

कपाटातून पुस्तक गेलं की मागे फट उरते, पडलेल्या दातासारखी. इथे तिसाव्याला खेटून बत्तिसावा उभा होता. सगळ्यांच्या पाठी फळीच्या कडेशी एका रेषेत होत्या. एकतीस हा आकडा जन्माला आलाच नसावा, अशी ती रांग दिसत होती.

सूनबाईनं फळीवरून बोट फिरवलं. मग उलट्या दिशेनं फिरवलं. मग मागे वळून ती पाहुण्यांकडे बघून हसली. हे हसू बाईंच्या ओळखीचं होतं. घरी दूध उतू गेलं की ती असंच हसायची.

"काल सकाळी होता," ती म्हणाली. "मी स्वतः बघितलाय."

बाई, म्हणजे तिच्या सासूबाई, दाराशी उभ्या होत्या. याच ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सुनेला शब्द दिला होता की तुझ्या कामात मी नाक खुपसणार नाही. आज आल्या होत्या त्या साहेबांनी बोलावलं म्हणून. पाहुण्यांना इमारत दाखवायची, यंत्रं दाखवायची, तसं एखादं जुनं माणूसही दाखवायचं असतं.

पाहुणे तीन होते, तीन देशांचे. तिघंही विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या ग्रंथालयांचे प्रमुख. एक जहाजबांधणीच्या संस्थेतले, पिकल्या मिशांचे आणि शांत. त्यांना सगळे जहाजवाले म्हणत. एक खाणकाम शिकवणाऱ्या विद्यालयातली, खणखणीत आवाजाची, ती खाणवाली. तिसरे पाटबंधाऱ्यांच्या संशोधन केंद्रातले, वयानं लहान आणि कायम घाईत, ते धरणवाले. यांची तीन आणि हे एक, अशा चार ग्रंथालयांचा जुना करार होता. जुन्या नियतकालिकांचे खंड चौघांनीही सांभाळायचे तर भिंती पुरत नव्हत्या. म्हणून प्रत्येक नियतकालिकाची एकच प्रत एकानं जपायची, बाकीच्या तिघांनी आपापली कागदाच्या लगद्याला द्यायची, आणि ज्याला लागेल त्याला जपणाऱ्यानं पाठवायची. या ग्रंथालयाच्या वाट्याला जे आलं ते तळमजल्यावरच्या या थंड खोलीत होतं. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. सगळे तिला 'शेवटची खोली' म्हणत, कारण इथलं पुस्तक हरवलं की त्यापुढे शोधायला जागाच नव्हती.

"नाही म्हणजे?" धरणवाल्यांचा आवाज चढला. "आमच्या धरणाच्या पायाला चीर गेलीय. बांधताना तिथल्या खडकाला भोकं पाडून तपासलं होतं, ते सगळं त्या खंडात आहे. पाणी चढायच्या आत अभियंत्यांना ठरवायचंय, तलाव रिकामा करायचा की नाही. खाली गावं आहेत हो!"

"पाणी कधी चढतं तुमच्याकडे?" खाणवालीनं विचारलं. "म्हणजे, कधीपर्यंत हवंय तुम्हाला?"

"आत्ता हवंय!"

जहाजवाल्यांनी खिशातून रुमाल काढून तळहात पुसले.

साहेबांनी घसा साफ केला. "पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं आपलं," ते सुनेला म्हणाले. "किल्ली द्या इकडे. संध्याकाळी करारावर नव्यानं सह्या व्हायच्यात. तोवर खंड मिळाला तर ठीक. नाहीतर ही खोली आपल्याकडे राहत नाही, आणि तुमचं काय करायचं ते समिती ठरवेल."

सूनबाईनं कमरेची किल्ली काढली. ती देताना तिनं कुणाकडेच बघितलं नाही.

बाईंनी मात्र फळीकडे बघितलं. रांग अगदी देखणी होती, फक्त तिसावा खंड डोक्यावर उभा होता.

२

"तुम्ही शब्द दिला होतात," पायऱ्या चढताना सून म्हणाली.

"दिला होता. नाक खुपसणार नाही म्हणाले होते. डोळ्यांचं काही बोलणं झालं नव्हतं."

"बाई, चेष्टा नको." कामाच्या जागी ती त्यांना सगळ्यांसारखं बाईच म्हणायची, आई फक्त घरी. "माझ्या नावावर होती ती खोली. खंड गेला म्हणजे मी घालवला. चार देशांत हेच सांगतील."

"बस इथे. काल कुणी काय काय मागितलं ते सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडे येऊन जे जे मागितलं ते. पाणी मागितलं असेल तर पाणी."

बाईंचा हा जुना धंदा होता. संदर्भाच्या टेबलाशी बसणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते: माणूस जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. रंगांच्या रसायनांवरचं पुस्तक मागणाऱ्याच्या हाताला पुरळ उठलेलं असतं. हवामानाचे जुने तक्ते मागायला आलेल्या नवरदेवाला मांडव उघड्यावर घालायचा असतो. मागणीच्या मागे गरज असते, आणि गरज सांगायला लोक लाजतात. ती लाज न दुखावता गरजेपर्यंत पोचायचं, यातच बाईंचे केस पांढरे झाले होते.

सूनबाईनं आठवून आठवून सांगितलं. धरणवाल्यांनी एकतिसावा खंड मागितला, साहेब म्हणाले उद्या देऊ. तशी मागणी त्यांनी येण्याआधी चौघांनाही कळवली होती. पण मागणाऱ्यासमोरच खंड फळीवरून काढायचा हा नियम, म्हणून तिनं तो नुसता आहे ना ते बघून ठेवला. खाणवालीनं खिडकी उघडून मागितली. साहेबांनी पुन्हा एकदा त्या खोलीचं मोजमाप मागितलं.

"पुन्हा?"

"त्यांना तिथे संगणक बसवायचेत. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि जहाजवाल्यांनी?"

"थोडी खळ. बुटाचा तळ सुटलाय म्हणाले. मी बांधणी विभागातून वाटीभर आणून दिली."

"काल चहाच्या वेळी खोली उघडी होती?"

सुनेनं मान खाली घातली. "किल्ली दाराला होती. सगळे ये-जा करत होते. माझं चुकलंच. पण बाई, ही सगळी ग्रंथपाल माणसं! यांच्यापासून कुलूप लावायचं?"

"चोर बाहेरचा नाही हे खरं," बाई म्हणाल्या. "बाहेरचा चोर फट ठेवून पळतो. हा पुस्तक काढल्यावर थांबला. शेजारचे सरकवले, रांगेच्या टोकाला आधार लावला, पाठी कडेला आणल्या. त्याला फट बघवली नाही."

"मग साहेब सुटले," सून म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा खरी हसली. साहेबांनी हात लावलेलं पुस्तक आडवं झोपलेलंच सापडतं, हे अख्ख्या ग्रंथालयाला ठाऊक होतं.

"साहेब सुटले. आपल्यासारखीच कुणीतरी व्यक्ती आहे ती. पण मग एवढ्या टापटिपीच्या माणसानं शेजारचं पुस्तक डोक्यावर का उभं केलं?"

३

वाचनकक्षाच्या कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं. चारही ग्रंथालयांनी वर्षानुवर्षं एकमेकांना भेट दिलेली पुस्तकं त्यात होती. बाईंनी पाहुण्यांना एकेक करून तिथे नेलं, गप्पा मारायला. जुन्या माणसाच्या गप्पांना कुणी नाही म्हणत नाही. फार तर घड्याळाकडे बघतं.

पहिली आली खाणवाली.

"तुमच्या सुनेचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "पोरगी भली दिसते. साहेबांनी चारचौघांत किल्ली काढून घेतली, हे काही बरं केलं नाही."

"तुम्ही फार शांत आहात पण. त्या धरणवाल्यांना बघा, जेवलेसुद्धा नाहीत."

"रडून पुस्तक येतं का परत?" तिनं खांदे उडवले. "काहीतरी वाट निघतेच."

"निघते?"

"निघते हो. निघाली पाहिजे," ती घाईनं म्हणाली.

"ते मिश्रधातूंचं एक पुस्तक आहे बघा इथे कुठेतरी. दिसतंय का?"

खाणवालीनं मान उजवीकडे झुकवली आणि पुस्तकांच्या पाठी वाचू लागली.

धरणवाल्यांना बाईंनी गवताच्या मुळांवरचं पुस्तक शोधायला लावलं. त्यांची मान गेली डावीकडे. "तुम्ही मला इथे पुस्तकं कसली दाखवताय?" ते वैतागले. "मला एकच पुस्तक हवंय. परत गेल्यावर कुणाकुणाला काय सांगू? आमची प्रत मीच लगद्याच्या गाडीत चढवली. माझ्या हातांनी! करार म्हणजे करार. तुमच्या खोलीत आहे म्हणून निर्धास्त होतो."

"गाडीत चढवण्याआधी एकदा चाळली होतीत?"

"कशाला चाळू? इथली प्रत तपासलेली होती. पूर्ण असल्याची सही होती की."

"कुणाची सही?"

"ते आठवत नाही. आपल्यापैकीच कुणीतरी येऊन तपासतं ना."

जहाजवाल्यांचीही मान डावीकडेच झुकली. बाईंनी त्यांच्या बुटांकडे बघितलं. चांगले तुळतुळीत बूट होते, दोन्ही तळ शाबूत.

जाता जाता बाईंनी सुनेला हाक मारली. "अगं, ती लाल पाठीची सूची तिथेच आहे ना? जरा बघ."

सुनेनं मान उजवीकडे झुकवली. "आहे. का?"

"काही नाही. सहज."

सून दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

बाई एकट्याच बाकावर बसल्या. हिशेब मांडला तर दोन बाजू जुळत नव्हत्या. उलटा शेजारी सांगत होता, चोर डावीकडे मान झुकवणारा आहे. पण उजवीकडे मान झुकवणारी ती खाणवाली सकाळी जे बोलली होती, ते फक्त एकाच माणसाला सुचू शकतं: ज्याला पक्कं ठाऊक आहे की पुस्तक हरवलेलं नाही.

४

"मानेचं काय ते नीट सांगा," सून म्हणाली. दुपारच्या रिकाम्या उपाहारगृहात दोघी बसल्या होत्या. तिच्यापुढच्या चहावर साय धरली होती.

बाईंनी टेबलावरचं मीठदाणीशेजारचं, कुणीतरी विसरलेलं जाड पुस्तक उभं केलं. "आपल्याकडे पाठीवरचं नाव कसं छापतात? वरून खाली. म्हणून आपण मान उजवीकडे टाकून वाचतो. काही देशांत खालून वर छापतात. ते मान डावीकडे टाकतात, आणि सवय अशी की समोर कुठलंही पुस्तक असलं तरी आधी तिकडेच टाकतात. शेवटच्या खोलीत एकतिसाव्याची सगळी रांग आपल्या बांधणीची, म्हणजे वरून खाली. बरोबर?"

"बरोबर."

"आता हे उलटं केलं." बाईंनी पुस्तक डोक्यावर उभं केलं. "कसं वाचशील?"

सुनेची मान उजवीकडे गेली, अडली, आणि डावीकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले. "डावीकडे झुकणाऱ्याला हे सरळ वाटेल!"

"त्याच्या हाताला तसंच वाटलं. घट्ट रांगेतून एकतिसावा ओढताना तिसावाही बरोबर आला. परत ठेवायचा तर बाहेर पावलं वाजतायत, उघडून बघायला वेळ नाही. आपल्या बांधणीच्या पुठ्ठ्यावर काही छापलेलं नसतं, चिठ्ठीही आपण लावत नाही, त्यामुळे बघायची ती फक्त पाठ. हातानं पाठ घरच्यासारखी लावली. डोळ्यांना खटकलं नाही."

"म्हणजे धरणवाले किंवा जहाजवाले."

"धरणवाल्यांना तो हवाच होता. सकाळी तो त्यांच्या हातात पडणारच होता. आपल्या पानात वाढलेलं कुणी चोरून खातं का?"

"मग जहाजवाले? पण ते तर..." सून थबकली. "ते पहिल्या दिवसापासून माझ्याशी किती मायेनं बोलतात. आणि जहाजं बांधणाऱ्यांना धरणाच्या खडकाचं काय करायचंय?"

"तेच तर. त्यांच्यापाशी खंड विकायला गिऱ्हाईक नाही, राग नाही, लोभ नाही. मग मी मागणीकडे वळले. मला सांग, तू ग्रंथपाल आहेस. बुटाचा तळ खळीनं चिकटतो का?"

"छे! कातडं आणि रबर कुठलं चिकटतंय खळीनं? खळ फक्त कागदाला..."

ती मधेच थांबली. चहा तिथेच सोडून दोघी उठल्या.

५

पाहुण्यांच्या निवासातल्या खोलीचं दार जहाजवाल्यांनीच उघडलं. खोली नीटनेटकी होती. टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश एकमेकांवर होते, त्यांवर प्रवासी पेटी, पेटीवर पाण्यानं भरलेला तांब्या. कोपऱ्यात नकाशे ठेवायची लांब नळी रिकामी पडली होती.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली, बसल्या, आणि अगदी घरच्या सुरात विचारलं, "खळ सुकली का?"

जहाजवाल्यांनी तांब्या उचलून खाली ठेवला, पेटी काढली, शब्दकोश बाजूला केले. सगळ्यात खाली एकतिसावा खंड होता.

"सुकायला एक दिवस वजनाखाली ठेवावं लागतं," ते म्हणाले. "म्हणून रात्रीत परत ठेवता आला नाही. वाटलं होतं, आज चहाच्या वेळी गुपचूप ठेवीन. पण धरणवाल्यांनी सकाळी पहिलं पाऊल त्याच फळीपाशी टाकलं."

त्यांनी खंड शेवटाकडून उघडला. मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदाचा खिसा होता आणि खिशाच्या कडेला नव्यानं चिकटवलेली पट्टी. तिच्या आधारानं एक मोठा घडीचा तक्ता उलगडला. खडकाचे थर, भोकांच्या जागा, चिरांच्या रेषा.

"हा तक्ता तुमच्या प्रतीत नव्हता," जहाजवाले म्हणाले. "कधीच नव्हता, किंवा फार आधी पडला असेल. पण तपासणी करणारा मी होतो. इथेच बसून पानन् पान मोजलं. तक्त्याला पानाचा आकडा नसतो, तो खिशात असतो. खिसा रिकामा आहे हे मी बघितलंच नाही. 'पूर्ण' म्हणून सही केली. त्या सहीवर तिघांनी आपापल्या प्रती काढायला घेतल्या."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"आमची प्रत लगद्याला देताना. तिच्या खिशातून हा बाहेर आला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पत्र लिहायला बसलो, आणि वाटलं, एवढी वर्षं लोक माझ्या सहीवर डोळे मिटून विसंबले, आता त्या सगळ्या सह्यांचं काय होईल? तक्ता तेवढा काढून घेतला. घरी नळीत ठेवला. दर बैठकीला बरोबर आणायचो, आणि दर वेळी तसाच परत न्यायचो. या वेळी धरणवाल्यांची मागणी वाचली आणि पायाखालची जमीन सरकली."

चोरी झाली होती ती पुस्तकातून काही काढायला नव्हे, पुस्तकात भर घालायला. बाईंना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यांनी राग निवडला, कारण सून दाराशी उभी होती.

"संध्याकाळपर्यंत ठेवणार होतात ना परत?"

"सहीच्या आधी. शपथेवर सांगतो."

"म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझी सून चोर. तुमच्या सहीला डाग नको म्हणून तिच्या नावाला. हा कुठला हिशेब?"

जहाजवाल्यांनी सुनेकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. "सकाळी यांनी किल्ली काढून दिली तेव्हा मी तोंड उघडलं होतं," ते हळूच म्हणाले. "आवाज आला नाही."

"मग आता सह्यांच्या टेबलावर येऊ द्या," बाई म्हणाल्या. "मी कुणाला काही सांगणार नाही. ते तुमचं काम. मला तिथेच अजून एका बाईंशी बोलायचंय."

६

सह्यांच्या टेबलावर कागद मांडले होते. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं आणि पुन्हा लावलं होतं. किल्ली त्यांच्यासमोर पडली होती.

जहाजवाले उभे राहिले. काखेतला खंड त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला आणि जे बाईंना सांगितलं ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, सुनेची किल्लीसुद्धा. शेवटी म्हणाले, "माझ्या सगळ्या तपासण्या आता पुन्हा कराव्या लागतील. मी निवृत्तीआधी तेवढं करून देतो. पण माझ्या एकट्याच्या सहीवर यापुढे विसंबू नका."

धरणवाल्यांनी काही ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते तक्ता उलगडून त्यावर वाकले होते. बोट एका रेषेवरून सरकत गेलं आणि थांबलं. "चीर खडकात आधीपासून होती," ते पुटपुटले. "इथे आहे. ही बघा. तेव्हा बुजवली होती, तीच उघडलीय." त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. "हे आज रात्रीच कळवतो. आणि तुम्ही हे इतकी वर्षं नळीत ठेवलंत?"

"ठेवलं," जहाजवाले म्हणाले.

"हरवलं असतं तर?"

जहाजवाल्यांनी तक्त्याची वर आलेली कडा तळहातानं दाबून धरली.

बाईंनी खाणवालीकडे वळून बघितलं. "तुम्ही सकाळी एक प्रश्न विचारलात. 'कधीपर्यंत हवंय?' मी टेबलाशी बसून आयुष्यभर हा प्रश्न विचारला आहे. ज्याच्याकडे ती वस्तू आहे तोच तो विचारतो. जगातली शेवटची प्रत गेली असं ज्याला वाटतं, तो कधीपर्यंत विचारत नाही. तो डोक्याला हात लावतो."

खाणवालीचा चेहरा लाल झाला. मग तिनं खणखणीत आवाजात, आणखी कशाला लपवायचं अशा थाटात सांगितलं, "आमची प्रत आहे. तक्त्यासकट. माझ्या आईच्या घरी, गाद्यांच्या कपाटात. लगद्याची गाडी दारात उभी होती आणि माझ्यानं देववेना. कागदावर सही केली लगद्याला दिली म्हणून. आई दर सणाला विचारते, ही गाठोडी कधी नेणार?"

"गाठोडी?" साहेब दचकले. "एकापेक्षा जास्त?"

"ते पुढच्या बैठकीत सांगते."

जहाजवाले तिच्याकडे बघत राहिले. ज्या तक्त्याच्या ओझ्यानं त्यांची वर्षंच्या वर्षं झोप गेली, तो कुणाच्या तरी गाद्यांमध्ये सुखानं पडून होता. त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. आधी सगळ्यांना वाटलं रडतायत. ते हसत होते.

"म्हणजे करारातलं मोठं खोटं आपण दोघांनीच केलं," ते खाणवालीला म्हणाले, "आणि प्रामाणिक माणसाचं तेवढं नुकसान झालं."

"प्रामाणिक माणूस उपाशी आहे," धरणवाले म्हणाले. "मला कुणी काही खायला देईल का?"

साहेबांनी किल्ली उचलली. सुनेकडे सरकवताना ते अडखळले. "मी... ते सकाळचं..." 

"आधी करार दुरुस्त करू, साहेब," सून म्हणाली. तिनं किल्ली घेतली नाही. "एका प्रतीच्या जागी दोन प्रती, दोन देशांत. आणि एकानं तपासलं की दुसऱ्यानं पुन्हा तपासायचं, खिशांसकट. ते लिहा. मग मी किल्ली घेते."

खाणवालीनं टेबलावर थाप मारली. "लिहा हो साहेब!"

साहेबांनी लिहिलं.

७

संध्याकाळचं ऊन तळमजल्याच्या उंच खिडकीतून फळीवर तिरकं पडलं होतं. सूनबाईनं तिसावा खंड बाहेर काढला, सरळ केला, परत ठेवला. मग बत्तिसावा सरकवून मधे बोटभर फट केली. एकतिसावा आज धरणवाल्यांबरोबर जायचा होता. फटीत तिनं खंड बाहेर गेल्याची लाकडी फळकुटी उभी केली.

बाई स्टुलावर बसून पायाचा घोटा चोळत होत्या. दिवसभरात बरंच चालणं झालं होतं.

"एक विचारू?" सून म्हणाली. तिची पाठ बाईंकडे होती.

"विचार."

"ती लाल पाठीची सूची कशाला विचारलीत मला?"

बाईंचा हात घोट्यावर थांबला. त्यांनी या प्रश्नाची दुपारपासून वाट बघितली होती, आणि तो येऊ नये असंही त्यांना वाटत होतं.

"तुझी मान बघायला," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर संशय होता."

"किल्ली तुझ्याकडे होती. रांग सारखी करायची सवय तुला आहे. तुला वगळलं असतं तर बाकी सगळ्यांना विचारण्यात अर्थ काय होता? सून आहे म्हणून डोळे मिटले असते, तर उद्या कुणी म्हणालं असतं, सासूनं झाकलं. मलाही रात्री आठवलं असतं की आपण बघितलंच नाही."

फळकुटी सरळच होती, तरी सुनेनं ती पुन्हा सरळ केली.

"जहाजवाल्यांच्या सहीचं काय झालं बघितलंस ना," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना ते फार आवडायचे. म्हणून खिसा कुणीच उघडला नाही."

"आणि माझी मान कुठे गेली?"

"उजवीकडे."

"गेली नसती तर?"

बाईंनी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, पण समोरची व्यक्ती ग्रंथपाल होती. "तर आत्ता मी इथे बसले नसते. घरी जाऊन वरणाला फोडणी देत बसले असते, आणि तुझ्याशी काय बोलावं ते ठरवत असते."

सून वळली. डोळ्यांत जरा राग होता, पण तोंडाच्या कडेला हसू होतं, आणि या वेळचं ते दूध उतू गेल्याचं नव्हतं. कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं पहिला खंड काढला आणि टेबलावर ठेवला. जहाजवाल्यांची सही असलेले सगळे खंड उद्यापासून नव्यानं मोजायचे होते. ते स्वतः येणार होते, आणि नियमाप्रमाणे दुसरं माणूस लागणार होतं.

तिनं दुसरी खुर्ची टेबलाशी ओढली.

"आई," ती म्हणाली, ग्रंथालयात पहिल्यांदाच, "उद्या सकाळी लवकर येता का? पानं मी मोजते. खिसे तुम्ही बघा."